थायरॉइडचा डोस वाढवला, तर यकृतातली चरबी उतरेल का?

प्रश्न: माझे वय ४७ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. थायरॉइड मंद असल्यामुळे सहा वर्षांपासून रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. नुकत्याच केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉइड मंदावला की ते वाढते) ६.९ आला, फ्री टी४ मर्यादेत आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असे लिहिले आहे. यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी ६२ आणि एसजीओटी ४१, प्लेटलेट २ लाख ४० हजार, ट्रायग्लिसराइड २१० आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी ६.१ आहे. मद्य मी कधीच घेतलेले नाही. थायरॉइडची गोळी सकाळी कॉफीबरोबर घेते आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळीही तेव्हाच घेऊन टाकते. नात्यातल्या एक बाई म्हणतात, की ही चरबी थायरॉइडमुळेच साचली आहे, डोस दुप्पट केला की ती आपोआप उतरेल. यकृतावर आलेले नवे औषधही थायरॉइडचेच आहे, असे मी वाचले. यकृताला त्रास नको म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी महिनाभर बंद ठेवली आहे. आणि थायरॉइड असताना वजन उतरतच नसेल, तर प्रयत्न करायचा तरी कशासाठी?

उत्तर: आपण सगळे आकडे नीट उतरवून पाठवलेत, याबद्दल आधी आभार मानते. ‘लिव्हर जरा खराब निघाले’ एवढेच कळवले असते, तर मलाही मोघमच लिहावे लागले असते. आता मोघम लिहायचे कारण नाही. थायरॉइड मंदावला, की यकृतात चरबी साचायला हातभार लागतो, हे खरे आहे. पण आपल्या यकृतातली चरबी मुख्यतः त्याच्यामुळे साचली, असे आपले आकडे सांगत नाहीत. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका, दुप्पट तर मुळीच नको. आणि बंद केलेल्या स्टॅटिनबद्दल याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला.

या दोन अवयवांचे नाते समजून घ्यायला यकृतातील चरबीची आवक-जावक डोळ्यांसमोर आणली, तर सोपे जाईल. आवक तीन वाटांनी होते. शरीरात, विशेषतः पोटाभोवती, साठलेल्या चरबीतून मेदाम्ले सुटून रक्तावाटे यकृतात येतात. जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतः चरबी तयार करते. आणि थोडी चरबी थेट आहारातून येते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच रुग्णांवर केलेल्या पण आजही आधाराला घेतल्या जाणाऱ्या एका अभ्यासात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५९, २६ आणि १५ टक्के भरले होते. जावक दोन वाटांनी होते: यकृताच्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात (पेशीच्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्यांत) चरबी जळते, किंवा तिचे गाठोडे बांधून यकृत ती रक्तात सोडते. थायरॉइडच्या संप्रेरकाचा हात या वहीत दोन्ही बाजूंना आहे, पण त्याचे वजन पडते ते जावकेच्या बाजूला. ते मायटोकाँड्रियांना कामाला लावते, पेशीत साठलेले चरबीचे थेंब फोडून जाळण्याची प्रक्रिया वाढवते आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उचलणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर वाढवते. संप्रेरक कमी पडले, की जाळण्याचे काम मंदावते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल चढते. थायरॉइड मंद असलेल्यांच्या रक्त-तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

नाते उलट्या बाजूनेही आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ हे संप्रेरक तयार करते. ते एक प्रकारे कच्चा माल असते. त्याचे प्रत्यक्ष काम करणारे टी३ हे रूप इतर अवयवांत बनते आणि त्यांत यकृताचा वाटा मोठा आहे. संप्रेरकाला रक्तातून वाहून नेणारी प्रथिनेही यकृतच बनवते. त्यामुळे यकृत गंभीर आजारी पडले, तर थायरॉइडचे अहवालही विचित्र येऊ शकतात. आपल्या बाबतीत यकृत त्या अवस्थेत असल्याची कोणतीही खूण आपल्या आकड्यांत नाही, म्हणून हा मुद्दा इथेच सोडते.

आता थायरॉइडचा हातभार नेमका किती, ते पाहू. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ९,४१९ लोकांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थायरॉइड मंद असलेल्यांमध्ये फॅटी लिव्हरचा धोका साधारण सव्वापट आढळला. सव्वापट म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण सगळा दोष त्याच्या माथी मारावा इतकाही नाही. टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांत निम्म्याहून अधिक जणांच्या यकृतात चरबी असते, हे शेजारी ठेवले, की दोन्ही गोष्टींचे माप कळते. जून २०२३ मध्ये फॅटी लिव्हर या आजाराचे नाव बदलून चयापचयातील बिघाडाशी जोडलेले नवे नाव देण्यात आले आणि त्यासोबत पाच निकष ठरले: वजन किंवा कमरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि चांगले कोलेस्टेरॉल. यकृतात चरबी असताना यांतला एक जरी बिघडलेला असला, तरी निदानाला पुरतो. आपले तीन बिघडलेले आहेत, कारण आपला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३१ च्या पुढे आहे, एचबीएवनसी ५.७ च्या वर आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आहे. टीएसएच मात्र त्या पाचांत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. वजन वाढलेल्या व्यक्तीचा टीएसएच ग्रंथीत काहीही बिघाड नसताना थोडा वर सरकतो आणि वजन उतरले की खाली येतो. म्हणजे एकाच माणसात वाढलेला टीएसएच आणि चरबी साचलेले यकृत शेजारी-शेजारी दिसले, म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे होत नाही. दोघांच्याही मुळाशी तिसरेच काही असू शकते. आपल्याला सहा वर्षांपूर्वीच थायरॉइडचे निदान झालेले असल्याने आपल्या ग्रंथीत मूळचा बिघाड आहे, असे धरून चालायला हरकत नाही. पण आजचा ६.९ हा आकडा ग्रंथी आणखी ढासळल्यामुळेच आला, असे मला वाटत नाही. मला संशय आहे तो आपल्या सकाळच्या कॉफीवर आणि तिच्यासोबतच्या कॅल्शियमच्या गोळीवर.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली थायरॉइडची गोळी, शोषले जाण्याच्या बाबतीत फार नाजूक आहे. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच धरून ठेवतात. कॉफीनेही त्याचे शोषण घटते. डबीवर ७५ लिहिलेले असले, तरी त्यातले प्रत्यक्ष किती आपल्या रक्तात पोहोचते हा प्रश्नच आहे. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास आणि जमल्यास एक तास काही खाऊ-पिऊ नये. आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवावी. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घेतले, तर विसरण्याची भीतीही राहणार नाही. सकाळची घाई आवरणारच नसेल, तर शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना थायरॉइडची गोळी घेण्याचा पर्याय आहे. तो डॉक्टरांच्या कानावर घालून निवडा. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन असलेली गोळी चालू असेल, तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती थांबवा, कारण काही यंत्रांवर तिच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. हे औषध शरीरात संथपणे स्थिरावते; रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून नवी पद्धत सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. तोवर डोस आहे तोच राहू द्या. तेव्हाही आकडा वरच राहिला, तर डॉक्टर डोस थोडा वाढवतील आणि ते योग्यच असेल. (जाता जाता: कॉफी यकृताच्या विरोधात नाही. कॉफी पिणाऱ्यांच्या यकृतात व्रण धरण्याचे (फायब्रोसिसचे, म्हणजे यकृत निबर होत जाण्याचे) प्रमाण कमी असल्याचे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. तिचे भांडण गोळीशी आहे, यकृताशी नाही. तेव्हा कॉफी सोडू नका, फक्त तासभर पुढे ढकला.)

आता डोस दुप्पट करण्याबद्दल. संप्रेरकाने यकृतातली चरबी जळते, तर जास्त संप्रेरकाने ती जास्त जळेल, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. आपल्या नात्यातल्या बाईंना मी हसणार नाही, कारण हाच तर्क एकेकाळी मोठमोठ्या तज्ज्ञांनीही करून पाहिला आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी जी औषधे दिली गेली, त्यांत डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉइड संप्रेरकाचेच भावंड होते. कोलेस्टेरॉल उतरलेही, पण त्या गटातले मृत्यू वाढलेले दिसल्यामुळे चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. संप्रेरक यकृतापुरते थांबत नाही, ते हृदयावर आणि हाडांवरही काम करते. गरजेपेक्षा जास्त मिळाले, की हृदयाची लय बिघडते आणि हाडे विरळ होतात. आपण ४७ वर्षांच्या आहात. पाळी थांबण्याच्या सुमारास हाडांची झीज तशीही वेग घेते. लेव्होथायरॉक्सिन वजन उतरवण्यासाठी वापरू नये, असा ठळक इशारा अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला असतो, तो उगाच नाही.

आपण ज्या नव्या औषधाबद्दल वाचलेत ते रेस्मेटिरोम. त्याची कल्पना याच जुन्या अपयशातून पुढे आली आहे. थायरॉइड संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ते पकडणाऱ्या पेशीतल्या जागा, दोन प्रकारचे असतात: हृदयात आणि हाडांत मुख्यतः अल्फा, तर यकृतात मुख्यतः बीटा. रेस्मेटिरोम प्रामुख्याने बीटा ग्राहकावर आणि यकृतातच काम करते. म्हणजे ते थायरॉइडचे औषध नव्हे. थायरॉइडच्या कुलपाची एकच किल्ली घडवून ती यकृताच्या दाराला लावली आहे, एवढेच. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली, ती यकृतात दाह आणि मध्यम ते बऱ्याच प्रमाणात व्रण असलेल्या, पण सिरोसिसपर्यंत (यकृत पार निबर होण्यापर्यंत) न पोहोचलेल्या रुग्णांसाठी, आणि आहार-व्यायामाच्या जोडीने. ९६६ रुग्णांच्या चाचणीत ५२ आठवड्यांनंतर, व्रण न वाढता दाह निवळल्याचे प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या गटात २५.९ टक्के, १०० मिलिग्रॅमच्या गटात २९.९ टक्के आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ९.७ टक्के होते. आकडे आशादायक आहेत, यात शंका नाही. पण चांगला डोस मिळूनही दहांपैकी सात जणांचा दाह वर्षभरात निवळला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. आपल्याला सध्या या औषधाची गरज दिसत नाही, आणि का दिसत नाही, ते आपल्याच अहवालावरून दाखवते.

सोनोग्राफीतली ‘ग्रेड २’ ही नोंद वाचून अनेक जण हादरतात, जणू आजार दुसऱ्या टप्प्यात गेला. तसे नाही. ग्रेड म्हणजे पडद्यावर यकृत किती पांढुरके दिसले, त्यावरून बांधलेला चरबीचा अंदाज. पुढे काय होणार, हे चरबीच्या प्रमाणापेक्षा यकृतात व्रण धरून ते निबर होत चालले आहे का, यावर ठरते, आणि ते नुसत्या सोनोग्राफीत सुरुवातीला दिसत नाही. त्याचा पहिला अंदाज देणारे ‘फिब-४’ नावाचे एक साधे गणित आहे. आपले वय ४७ आणि एसजीओटी ४१ यांचा गुणाकार १,९२७. एसजीपीटी ६२ चे वर्गमूळ ७.८७, प्लेटलेट हजारांत २४०, या दोहोंचा गुणाकार सुमारे १,८८९. पहिल्याला दुसऱ्याने भागले, की १.०२ येते. हा आकडा १.३ च्या खाली असेल, तर बऱ्यापैकी व्रण असण्याची शक्यता कमी मानतात, २.६७ च्या वर गेला, तर यकृततज्ज्ञांकडे जावेच लागते. आणि मधल्या पट्ट्यात यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करतात. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही आणि ६५ वर्षांच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. आपण दोन्हींच्या मध्ये आहात, म्हणून १.०२ वर भरवसा ठेवता येतो. साखर सीमेवर असल्याने हेच गणित वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायचे.

एवढ्यावर मात्र थांबू नका. एसजीपीटी वाढण्याची इतर कारणे एकदा तपासून बाजूला काढावी लागतात: हिपॅटायटिस बी आणि सी, शरीरातील लोहाचे प्रमाण, आणि चालू असलेली इतर औषधे. थायरॉइडचा बिघाड पुष्कळदा प्रतिकारशक्तीच्या स्वतःवरच्या हल्ल्यातून होतो, आणि असे हल्ले क्वचित यकृतावरही होतात. म्हणून थायरॉइड व वजन दोन्ही ताळ्यावर येऊनही एसजीपीटी चढाच राहिला, तर त्या अंगाने तपासणी करून घ्यावी. थायरॉइड फार मंदावला, तर स्नायूंतून एसजीओटी झिरपून तो एसजीपीटीपेक्षा वर जाऊ शकतो. आपले चित्र उलटे आहे, एसजीपीटी वर आणि एसजीओटी खाली, जे चरबीच्या यकृताशी जुळते.

आता वजनाबद्दल. मंद थायरॉइडमुळे वाढणारे वजन सहसा दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि त्यातला बराचसा भाग शरीरात साठलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. ते मान्य केले, तरी बाकीचे वजन थायरॉइडच्या खात्यावर घालता येत नाही, आणि टीएसएच आटोक्यात असलेल्या व्यक्तीचे वजन इतरांसारखेच उतरते. आपल्यासाठी हिशेब असा: वजनाच्या पाच टक्के, म्हणजे सुमारे चार किलो कमी झाले, की यकृतातली चरबी घटू लागते, सात टक्के, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास गेल्यावर दाह निवळण्याची शक्यता चांगली वाढते, आणि दहा टक्के, म्हणजे पावणेआठ किलो उतरले, तर असलेले व्रणही मागे हटू शकतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल इतके चालणे किंवा तत्सम व्यायाम केल्यास काटा हलला नाही, तरी यकृतातली चरबी कमी होते. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणारे फार असतात. आवकेच्या बाजूला सगळ्यात आधी साखर घातलेली पेये बंद करा. वजन बरेच उतरल्यावर थायरॉइडचा डोस कमी करावा लागू शकतो, म्हणून तेव्हा टीएसएच पुन्हा पाहायचा.

राहिली ती स्टॅटिनची गोळी. यकृतात चरबी आहे म्हणून स्टॅटिन बंद करणे, हा फार रुळलेला आणि चुकीचा समज आहे. फॅटी लिव्हर असलेल्यांना स्टॅटिन सुरक्षितपणे देता येते, आणि या आजारात सर्वांत जास्त मृत्यू यकृतामुळे नव्हे, तर हृदयविकारामुळे होतात. यकृत वाचवायला निघून आपण हृदयाचे कवच काढून ठेवले आहे. मात्र थायरॉइड नीट आटोक्यात नसताना स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. म्हणून गोळी पुन्हा सुरू करताना अंगदुखी पूर्वी होती का, हे डॉक्टरांना जरूर सांगा, आणि आठ आठवड्यांनी टीएसएचसाठी रक्त द्याल, त्याच वेळी कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. टीएसएच खाली आल्यावर कोलेस्टेरॉलही थोडे खाली येते, त्यामुळे स्टॅटिनचा डोस किती लागेल, हे तेव्हाच नीट ठरेल. त्याआधी छातीत धडधड वाढली, डोळे पिवळे दिसले किंवा पोट फुगू लागले, तर आठ आठवडे थांबू नका. नवे अहवाल आले, की कॉफी आणि गोळी यांत किती अंतर ठेवता आले, तेही त्यांच्यासोबत कळवा.